गंजाड: चौक काढणाऱ्यांचं गाव

वारल्यांच्या घरी चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. मांडव उभा राहिला, पाहुणे जमले, ताडीची मडकी भरली, तरी आतल्या भिंतीवर चौक उमटलेला नसेल तर पुढचा विधी थांबतो. हा चौक काढतात सवाशिणी. आधी कारवीच्या कुडावर शेणमातीचा हात फिरतो, त्यावर गेरूचा तांबडा लेप चढतो. मग तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पिठात बांबूची काडी बुडते. काडीचं टोक चावून मऊ केलेलं असतं, तोच कुंचला. चौकाच्या चारी बाजूंनी नक्षीच्या ओळी येतात, मधोमध हात पसरलेली पालघट देवी, तिच्या आजूबाजूला झाडं, फणी, शिडी, चंद्र, सूर्य. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिर्या देव. काढता काढता बाया गात असतात.

लग्न लावणारीही बाईच असते, तिला धवलेरी म्हणतात. देवादिकांना आवतण देणं, नवरानवरीला एकेका विधीतून पुढे नेणं, हे सगळं ती गाण्यांतून करते. वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे या समाजाची पोथी दोनच ठिकाणी असते: धवलेरीच्या आणि भगताच्या तोंडी, आणि लग्नघराच्या भिंतीवर. धान्याची देवी कणसरी, हिरवा, हिमाय, नारनदेव, वाघदेव यांच्या कथा या पोथीत आहेत. अक्षरं गिरवून आलेल्या माणसाला ती पोथी वाटत नाही, एवढंच.

लग्न पार पडलं की चौकाचं काम संपतं. तो जपून ठेवायचा नसतो. पुढच्या सारवणात बुजून जातो, आणि घरात पुन्हा लग्न निघालं की पुन्हा काढला जातो. खाली सही नसते. कोणी काढला हे पाड्याला माहीत असतं, पाड्याबाहेर कोणी विचारत नाही.

ज्या गावातून हा चौक जगापुढे गेला त्याचं नाव गंजाड. डहाणू तालुक्यातलं, डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला डोंगरांच्या बाजूचं हे गाव पाड्यापाड्यांत विखुरलेलं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माणसाला वारली चित्रं ही कालपरवापर्यंत आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट होती. आजही वाट फार लांबची नाही. कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाची गाडी पकडायची आणि वसईहून डहाणूची. २०१३ पासून लोकलही डहाणूपर्यंत जाते. आणि वारली माणूस भेटायला तर एवढंही जावं लागत नाही. ठाण्याच्या उशाला असलेल्या येऊरच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत.

वारली चित्रकला किती जुनी, या प्रश्नावर पुष्कळ बेधडक उत्तरं दिली जातात. कोणी तिला हजार वर्षांची म्हणतं, कोणी भीमबेटकाच्या गुहांशी नातं जोडतं. गुहेतली रेघ आणि वारली रेघ यांच्यात साम्य दिसतं हे खरं. पण कुडाची भिंत काही दशकांपलीकडे टिकत नाही आणि चौक तर मुद्दाम बुजवलाच जातो, त्यामुळे शतकांपूर्वीचा एखादा चौक पुरावा म्हणून हाती लागण्याची आशा करता येत नाही. परंपरेचं वय सांगता येत नाही, म्हणून तिचं मोल कमी होत नाही. उलट एक वेगळीच गोष्ट इथे लक्षात घ्यावी लागते. आज कॅलेंडरवर, साडीच्या काठावर दिसणारं वारली चित्र, ज्यात गाव आहे, शेत आहे, बैलगाडी आहे, नाच आहे, ते या स्वरूपात जेमतेम पन्नास वर्षांचं आहे. जुना आहे तो चौक. या दोघांमध्ये जे घडलं ते गंजाडमध्ये घडलं.

पण त्याआधी या मुलखाचा एक इतिहास सांगायला हवा. तो चित्रांत सापडत नाही, आणि चित्रं पाहणाऱ्यांना सहसा कोणी सांगतही नाही.

ज्या लग्नासाठी एवढा चौक सजायचा, ते लग्नच वारल्याला गुलाम करायचं. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे. बायकोही त्याच घरी राबे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने तीसच्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची पाहणी केली, तिच्या अहवालात ही पद्धत नोंदवलेली आहे. जंगल आणि जमीन हातची गेलेली, डोक्यावर खंड, पाठीवर वेठ, असं ते जगणं होतं.

त्याला पहिला मोठा धक्का बसला १९४५ मध्ये, आणि त्याची सुरुवात कल्याणच्या अंगणात झाली. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथे उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली आले होते. आजवर ज्याला ते दैव समजत होते त्याला इथे लोक अन्याय म्हणत होते. त्याच वर्षी २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, असं तिथे ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. तरीही वेठ आणि लग्नगड्याची पद्धत पुन्हा पूर्वीसारखी उभी राहू शकली नाही.

या लढ्यात किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत राहिले. गोदावरीबाईंनी पुढे १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली प्रदेशाला मराठी साहित्यात स्वतःची जागा मिळवून देणारं हे पुस्तक. वारली चित्रांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. कारण त्यात माणसांना नावं आहेत. सावकाराच्या वहीत ज्यांची ओळख देणेकरी एवढीच होती, ती माणसं इथे बोलतात, चिडतात, घाबरतात, ठाम उभी राहतात.

आणि चित्रांत मात्र सावकार जवळजवळ दिसत नाही. आवण म्हणजे भातलावणी आहे, कापणी आहे, मळणी आहे, शिकार आहे, मासेमारी आहे. धाकाने राबवणारा माणूस नाही. त्याचं एक कारण चौकात आहे. चौक हे मंगल कार्य, तिथे पालघट बोलवायची असते, सावकार नव्हे. चित्राने जगाचं गाऱ्हाणं मांडायचं नसून जग सुफळ व्हावं म्हणून ते मांडायचं, अशी ही समज आहे. ज्यांच्या घरात धान्य टिकत नव्हतं त्यांनी धान्याच्या देवीची चित्रं काढली. याला भाबडेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. जी गोष्ट कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, ती त्या बाया भिंतीवर राखून ठेवत होत्या.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म याच मुलखातला, १९३४ चा, तलासरीकडच्या धामणगावचा. झरीची सभा झाली त्या वर्षी ते अकरा वर्षांचे. लहानपणीच आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला. काही सांगायचं असेल तर मातीत बोटाने काढून दाखवायचा. पुढे ते गंजाडच्या कलंबीपाड्यात राहायला आले. चित्र काढणं बायकांचं काम, आणि हा पुरुष कोणतंही लग्नकार्य नसताना, केवळ मनात आलं म्हणून भिंतीवर काढत बसलेला. पाड्याला ते विचित्रच वाटलं असणार.

हे वेगळेपण हेरलं भास्कर कुलकर्णी यांनी. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेला हा चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकला क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने कुलकर्णी मिथिलेत गेले आणि भिंतीवर रंगवणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. मधुबनी चित्रं जगभर गेली ती त्यानंतर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच काम घेऊन ते डहाणूकडे आले, गंजाडला राहिले. पाहणी करून अहवाल पाठवणारे अधिकारी त्या भागाने आधीही पाहिले होते. कुलकर्णी तिथल्या माणसांत मिसळले. मिथिला आणि वारली, भारतातल्या दोन मोठ्या लोकचित्रपरंपरा कागदावर आल्या त्यामागे हा एकच मराठी माणूस आहे, आणि महाराष्ट्रात त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

कागद हाती आल्यावर जिव्यांनी जे केलं त्याला तोड नाही. चौकाचं चित्र समोरून पाहायचं, स्थिर असतं. जिव्यांनी त्याला चालतं केलं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल आणि काड्यांसारखे हातपाय, एवढंच परंपरेने दिलेलं साहित्य. त्रिकोण जरा कलला की माणूस ओझ्याने वाकतो, आणखी कलला की नाचाला लागतो. तारपानृत्याचं चित्र घ्या. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं हे वाद्य वाजवणारा मधे असतो, आणि एकमेकांच्या कमरेत हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते. भात तयार झाल्यापासून या नाचाचे दिवस सुरू होतात. कागदावरची ती साखळी पाहताना नजर एका जागी टिकत नाही, रेषेबरोबर फिरायला लागते.

त्यांचं मासेमारीचं जाळं तर अंगावर येतं. बहुतेक सगळा कागद जाळ्यानेच भरलेला, बारीक पांढऱ्या रेषांची दाट वीण, त्यात अडकलेले मासे, आणि कुठेतरी कडेला ते टाकणारा लहानसा कोळी. रेषा ओढताना हात कुठे थांबला, कुठे काडी पुन्हा बुडवली, हे जवळून पाहिलं तर कळतं. त्या तुटक, थरथरत्या रेषांमुळेच जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांची चित्रं फ्रान्समधल्या माँताँ शहरात पोहोचली. फ्रान्सशी जुळलेलं हे नातं पुढे वाढतच गेलं.

फ्रान्सचा विषय निघालाच आहे तर बार्बिझाँ या गावाकडे पाहायला हवं. पॅरिसच्या आग्नेयेला, फाँतेनब्लोच्या जंगलाला लागून असलेली ही छोटी वस्ती एकोणिसाव्या शतकात चित्रकारांनी भरून गेली. तेओदोर रूसो तिथे स्थायिक झाला. झाँ-फ्रान्स्वा मिले १८४९ मध्ये आला तो १८७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. कापणी झालेल्या शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायकांचं त्याचं १८५७ चं चित्र जगप्रसिद्ध आहे. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता, त्यामुळे वाकलेली पाठ कशी दुखते हे त्याला माहीत होतं. तरीही बार्बिझाँची कहाणी मुख्यतः शहरातून गावात आलेल्या चित्रकारांची आहे. ते रंगवत होते, गावकरी रंगवले जात होते. कणसं वेचणाऱ्या त्या तिघी कोण, हे चित्राखाली लिहिलेलं नाही. गंजाडमध्ये कुंचला आवण करणाऱ्या हातातच होता. शहरातून आलेल्या माणसाने आपला रंग आणला नाही, फक्त कागद आणला. या दोन गावांतला हा फरक फार मोठा आहे.

एका बाबतीत मात्र दोन्ही गावं जवळ येतात. रूसो आणि त्याच्या सोबत्यांनी जंगलतोडीविरुद्ध आवाज उठवला आणि १८६१ मध्ये फाँतेनब्लोचा सुमारे अकराशे हेक्टरचा भाग चित्रकारांसाठी म्हणून राखला गेला. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट. डहाणू तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, उद्योगांवर मर्यादा घातल्या. १९९६ मध्ये त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. हा निर्णय काही चित्रांसाठी झाला नव्हता. पण वारली चित्रातलं झाड, मोर, वाघदेवाची जागा, भाताचं खाचर हे सगळं त्या संरक्षित तालुक्याच्या हद्दीत येतं. ते गेलं तर चित्रकाराला आठवणीतून काढावं लागेल.

आता पुन्हा जिव्यांकडे. १९८९ मध्ये पॅरिसमधल्या पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत इथे ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे मोठं प्रदर्शन भरलं. झाँ-ह्यूबेर मार्तँ यांनी त्यात जगभरातले शंभरावर कलावंत एकत्र आणले, निम्मे पाश्चात्त्य, निम्मे इतर जगातले. तोपर्यंत युरोपात आफ्रिकेतली किंवा आशियातली अशी कला मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात दिसायची, आणि पाटीवर जमातीचं नाव असायचं. इथे प्रत्येकाचं स्वतःचं नाव होतं. त्यात भारतातून मिथिलेच्या बौआ देवी होत्या आणि कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे होते. प्रदर्शनावर टीकाही खूप झाली, पण पाटीवरच्या नावाची ही गोष्ट कायमची बदलली. चौकाखाली कधी सही नव्हती. आता पॅरिसमध्ये गंजाडच्या एका माणसाचं नाव लिहिलेलं होतं.

२००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये जिव्या आणि इंग्लंडचा रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँगची कला म्हणजे चालणं, चालून जमिनीवर रेषा उमटवणं, दगडांची वर्तुळं मांडणं. या प्रदर्शनासाठी तो वारली मुलखात येऊन गेला. २००९ मध्ये जिव्यांना नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू हीही चित्रकार.

एवढं झाल्यावर नावाचा प्रश्न सुटायला हवा होता. तो दुसऱ्या टोकाने परत आला. वारली चित्र लोकप्रिय झालं तसं ते सगळ्यांचं झालं, म्हणजे कोणाचंच राहिलं नाही. ठाणे-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या कुंपणांवर, शाळांच्या भिंतींवर, चहाच्या कपांवर, पडद्यांवर दोन त्रिकोणांची माणसं नाचतात. काढायला सोपी म्हणून सुट्टीतल्या शिबिरात मुलांना शिकवली जातात. मुलांनी ती काढावीतच, त्यात वाईट काही नाही. वाईट हे की, कारखान्यात हजारांनी छापलेल्या मालावरच्या या आकृतींतून वारल्याला दमडी मिळत नाही, आणि नक्कल करणाऱ्याला तारपा कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नसतं. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने वारली चित्रकलेच्या भौगोलिक निर्देशांकासाठी अर्ज केला आणि २०१४ मध्ये नोंदणी झाली. पैठणीला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जे कायदेशीर संरक्षण आहे ते आता या चित्रालाही आहे. मात्र त्याचा उपयोग करून घ्यायचा तर तक्रार करायला, वकील द्यायला, बाजारावर नजर ठेवायला माणसं लागतात, आणि ती पाड्यावर सहज मिळत नाहीत.

याहून जुना एक हिशेब तर अजून मांडलेलाच नाही. भिंतीवर चौक काढणाऱ्या बाया होत्या. कागदावर आल्यावर नाव झालं ते बहुतांशी पुरुषांचं. बाजार, प्रवास, प्रदर्शनं, इंग्रजी-हिंदीतली बोलणी यांत पुरुष पुढे गेले. यशोधरा दालमिया यांनी १९८८ मध्ये वारल्यांच्या चित्रविश्वावर पुस्तक लिहिलं, त्यात सवाशिणींचा हा विधी तपशिलाने नोंदला आहे. तरीही सामान्य मराठी वाचकाला दोन वारली चित्रकर्तींची नावं विचारली तर तो अडतो. आता डहाणू-जव्हारकडे मुली आणि सुनाही कागदावर, कापडावर चित्रं काढून विकतात. हे काम कौतुकापुरतं न राहता त्यांच्या नावावर जमा व्हायला हवं.

गंजाडच्या पुढच्या पिढीने चित्राबाहेर राहिलेल्या गाऱ्हाण्याला आपल्या परीने हात घातला आहे. राजेश चैत्या वांगड हे याच गावचे. २०१३ मध्ये छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या, वांगडांच्या घरी राहिल्या आणि दोघांनी मिळून एक मालिका सुरू केली. गिल यांनी गावच्या जागांची कृष्णधवल छायाचित्रं घ्यायची. त्यांत वांगड स्वतः पाठमोरे किंवा कडेला उभे असतात. मग वांगडांनी त्याच छायाचित्रावर काळ्या शाईने आपली रेघ ओढायची. रिकाम्या दिसणाऱ्या माळावर देव येतात, पक्षी येतात, पूर्वीची झाडी येते. शिवाय दुष्काळ येतो, जंगलतोड येते, कारखाने आणि रस्ते येतात. जुन्या चित्रांत ज्याला जागा नव्हती ते गाऱ्हाणं इथे आलेलं आहे, तेही एका विशिष्ट माळाचं, एका विशिष्ट गावाचं. वांगडांनी गांधीजींच्या गोष्टीचं मुलांसाठीचं चित्रपुस्तकही केलं आहे. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ देशाबाहेर जाऊन चित्रं करतात.

गंजाडला जाणाऱ्याने बार्बिझाँसारखी चित्रकारांची जुनी खानावळ आणि तिचं संग्रहालय शोधू नये. इथे चित्रकारांची घरं आहेत आणि बहुतेक घरांना शेती आहे. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत गेलं तर चित्रकार खाचरात असण्याचीच शक्यता जास्त. दिवाळीच्या सुमाराला भात घरी येतं आणि तारपा वाजू लागतो. चैत्र पौर्णिमेपासून डहाणूजवळ विवळवेढे इथे महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा सगळा मुलूख रस्त्यावर असतो. चित्र विकत घेताना ते कोणी काढलं ते विचारलं, की चित्रकार कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि पाड्याचं नाव लिहून देतो. चित्रातली गोष्ट विचारली तर तीही सांगतो, आणि मग बसायला अर्धा दिवस हाताशी असलेला बरा.